खुर्चीची निंदा

माझे बाबा खुर्च्या बसवतात, असं मी शाळेत सांगितलं की मुलींना वाटायचं, सुतार असतील. त्या खुर्च्या लढाऊ विमानातल्या. विमान हातचं गेलं की वैमानिकाने पायांमधली कडी ओढायची; डोक्यावरची काच उडते आणि खुर्ची त्याला घेऊन बाहेर झेपावते. आपली वस्तू कधी वापरलीच जाऊ नये म्हणून झटणारा दुसरा कारागीर दाखवा!

जुन्या खुर्चीखाली नुसती बंदुकीच्या दारूची नळी असायची. ती असा हिसका द्यायची की पाठीचे मणके चेपायचे. जमिनीजवळ तर तिचा उपयोग शून्य, कारण पॅराशूट उघडायला उंचीच मिळायची नाही. म्हणून वैमानिक वेळेवर बाहेर पडायचे. मग नवी खुर्ची आली, बुडाशी रॉकेट असलेली. जमिनीवर उभ्या असलेल्या विमानातूनही ती माणसाला पुरेसं उंच न्यायची. बाबा हुरळून गेले. आत्याच्या मुलाची, म्हणजे आमच्या दादाची, त्याच विमानांवर नेमणूक झाली, तेव्हा जेवताना ते म्हणाले, "अरे, जमिनीला टेकता टेकता ओढलीस ना, तरी ही तुला आईच्या मांडीवर आणून ठेवील!" आत्याला केवढा धीर आला होता.

एकदा उतरताना दादाचं इंजिन बंद पडलं. रेडिओवर सगळे "बाहेर पड" म्हणून ओरडत होते, आणि हा म्हणाला, "थांबा हो, मामाची खुर्ची आहे." विमान वाचवायच्या नादात त्याने कडी ओढली ती फार उशिरा. खुर्ची बिनचूक सुटली. पण विमान वेगाने खाली येत होतं, एका कुशीवर कललेलं. तिने त्याला वर न्यायचं ते आडवं फेकलं, आणि पॅराशूट उघडायच्या आतच दादा गेला. चौकशीत खुर्चीत काही दोष निघाला नाही. निघाला असता तर बरं, असं बाबांना वाटत होतं. रेडिओवरचं ते वाक्य मात्र आत्याला कुणी सांगितलं नाही.

पुढे बाबांनी जगावेगळा उद्योग आरंभला: स्वतःच्याच कामाची निंदा. वैमानिकाचे पट्टे आवळताना म्हणायचे, "भिकार खुर्ची आहे साहेब. हिच्या भरवशावर राहू नका, लवकर निघा." वरिष्ठांनी खडसावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

ते फिरत फिरत आत्याच्या कानावर गेलं. ती चपला न काढताच घरात शिरली.

"भिकार होती, तर माझ्या पोराला तिच्यात का बसवलंस?"

वरून आली तशी बसवली, एवढं म्हणून बाबांना सुटता आलं असतं. मी मनात म्हणत होते, म्हणा हो तेवढं.

"खुर्ची चांगली होती, ताई," बाबा म्हणाले. "मीच तिचं नको इतकं कौतुक केलं. तो थांबला, ते माझ्या शब्दावर."

आत्या दाराची चौकट धरून उभी राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, "त्या पोरांपुढे तिला भिकारच म्हणत जा."

आणि गेली. मी पाणी पुढे केलं होतं, तेही तिने घेतलं नाही.