उत्कृष्ट अभिनेत्रीचं बक्षीस मी घेतलं नाही

एकोणीस वर्षांचा होईपर्यंत मी घरात क्रियापदं गिळत होतो. "जेवले" म्हणायला लागू नये म्हणून "जेवण झालं" म्हणायचो. "जाते" टाळायला "जायचंय मला" म्हणायचो. मराठीत तोंड उघडलं की आपण बाई की पुरुष ते सांगावंच लागतं. जन्मदाखल्यावर मी मुलगी होतो आणि आपण मुलगा आहोत हे मला पाचवीपासून ठाऊक होतं. मग गप्प बसणं सोपं. नातेवाईक आईला म्हणायचे, "किती शांत आहे हो तुमची मुलगी." शांत कसली? व्याकरणाला घाबरून बसलो होतो मी.

आम्ही मुलुंडला राहतो. आजोबा मालवणाकडून गिरणीत आले, बाबा भांडुपच्या कारखान्यात सुपरवायझर. मला नाटकाचं वेड होतं, पण कॉलेजच्या ग्रुपने घेतलं नाही. तिथला दिग्दर्शक म्हणाला, "हिरॉइन तू वाटत नाहीस यार, आणि पुरुषांच्या रोलला पोरं आहेत ना आपल्याकडे." हे तो सगळ्यांसमोर म्हणाला. हसलेल्यांचे चेहरे मला अजून आठवतात.

मग कोणाकडून तरी घाटकोपरच्या ग्रुपबद्दल कळलं. तरुण मुलांचं नाटक, दर रविवारी सकाळी, बुद्धविहाराला लागून असलेल्या समाजमंदिरात. चालवणारी ताई चाळिशीतली, आठवडाभर पोस्टात नोकरी आणि रविवारी हे. पहिल्या दिवशी तिने सगळ्यांना गोल बसवलं आणि सकाळपासून काय केलं ते सांगायला लावलं. माझी पाळी आली.

"उठणं झालं. चहा झाला. इथे येणं झालं."

सगळे हसले. ताई हसली नाही.

"हे सगळं आपोआप झालं का?" ती म्हणाली. "तू केलंस ना? मग तसं सांग."

मी सतरंजीचा दोरा उपसत बसलो.

"पुढच्या रविवारी सांग. घाई नाही."

तो आठवडा मी आंघोळ करताना, जिना उतरताना तीनच वाक्यं पुटपुटत होतो. रविवारी म्हणालो, "मी उठलो. मी चहा प्यायलो. मी इथे आलो." आणि काहीच झालं नाही. कोणी हसलं नाही, कोणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. ताईने पुढच्या मुलाकडे बोट केलं, तो त्याच्या सकाळबद्दल बोलायला लागला. मी बाहेर नळावर जाऊन दोनदा तोंड धुतलं. एवढ्याशा गोष्टीसाठी एकोणीस वर्षं! याचा मला आनंद झाला होता असं लोक समजतात. मला संताप आला होता.

ग्रुपमध्ये माझ्यासारखी आणखी एक होती. उंच, अठरा वर्षांची, घाटकोपरचीच. घरच्यांच्या लेखी ती मुलगा होती. तिचा आवाज कुजबुजीपलीकडे जायचा नाही. शाळेत ती बोलली की पोरं नक्कल करायची, म्हणून हजेरीला "हजर" म्हणायच्या ऐवजी ती नुसता हात वर करायची. त्याबद्दल वर्गशिक्षकांनी तिला तास संपेपर्यंत अंगठे धरून उभं केलं होतं. एकदा नाही, बरेचदा. ते शिक्षक पुढे मुख्याध्यापक झाले.

ताईने आमच्यासाठी एकांकिका लिहिली. म्हातारं जोडपं, नवऱ्याला ऐकू येत नाही आणि बायको दिवसभर त्याच्यावर ओरडते. मी नवरा, ती बायको. जिचा आवाज शेजारच्याला ऐकू जात नव्हता तिला ओरडायचं काम! मी ताईला विचारलं, "आमच्यासारख्यांची गोष्ट का नाही करत?" ती म्हणाली, "तुमचं दुःख विकायला बसलोय का आपण? नाटक करायचंय ना? मग नाटक कर."

तीन रविवार गेले, तिचा आवाज निघेना. चौथ्या रविवारी मी बहिऱ्याचं सोंग करत मुद्दाम तिच्याकडे पाठ करून बसलो, वळायचं नाव घेईना. तिने दोनदा हाक मारली. मग एकदम फुटली, "अहो! मेलात का काय?" बाहेर क्रिकेट खेळणारी मुलं खिडकीशी गोळा झाली. ती स्वतःच घाबरून खाली बसली, आणि मग पोट धरून हसायला लागली.

स्पर्धा जवळ आली तेव्हा रोज तालीम हवी होती. मी आमच्या सोसायटीचा हॉल मागितला. सेक्रेटरींनी मला उत्तर न देता बाबांना गाठलं. "बाकी काही नाही हो, पण तसली मुलं येणार. बायका-पोरं असतात इथे." त्याच हॉलमध्ये वाढदिवसाला स्पीकर लावून पिऊन नाचलेले काका मी पाहिलेत. त्यांना कोणी "तसले" म्हटलेलं ऐकलं नाही.

बाबांना त्या दिवशी सगळं कळलं.

"लोकांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस," ते म्हणाले.

माझे आजोबा गावाकडे दशावतारात राणीचं काम करायचे. साडी, गळ्यात माळा, लोक त्यांच्या पाया पडायचे. त्यांचा तो फोटो आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर आहे. मी फोटोकडे बोट केलं. "आजोबा साडी नेसायचे त्याचं तुम्ही पाहुण्यांना कौतुक सांगता. मी शर्ट घातला तर तोंड दाखवता येत नाही?"

"ती कला होती. नाटक संपलं की ते साडी उतरवून ठेवायचे. तू उतरवणार आहेस का हे?"

"नाही," मी म्हणालो. "मी नाही उतरवणार."

त्यानंतर बाबा माझ्याशी कामापुरतंही बोलेनासे झाले.

स्पर्धा बोरीवलीला होती. ताईने फॉर्मवर मला पुरुष कलाकारांत लिहिलं आणि माझ्या नाटकातल्या बायकोला स्त्री कलाकारांत. आयोजकांचा फोन आला, आधार कार्ड पाठवा. मग निरोप आला की कागदावर आहे तसंच धरलं जाईल. स्पर्धेच्या दिवशी बायकांच्या मेकअप रूमच्या दारात एका स्वयंसेवक मुलीने तिला अडवलं. पुरुषांच्या खोलीत ती गेली नाही. जिन्याच्या पायरीवर बसून, मोबाईलच्या कॅमेऱ्यात बघत तिने केस पांढरे केले. येणारे-जाणारे तिला ओलांडून जात होते.

प्रयोग झकास झाला. हशा हवा तिथे आला.

निकाल लागला. उत्कृष्ट अभिनेत्री म्हणून माझं जुनं नाव पुकारलं. परीक्षक माईकवर म्हणाले, "एका मुलीने म्हातारा पुरुष इतका हुबेहूब उभा केला, कमाल आहे!" आणि तिला उत्तेजनार्थ, "स्त्रीभूमिका करणाऱ्या नटांची परंपरा जपल्याबद्दल." टाळ्या पडल्या. मनापासून पडल्या, तेच जास्त लागलं.

मी वर गेलो आणि माईक मागितला. त्यांना वाटलं आभार मानणार.

"मी अभिनेता आहे," मी म्हणालो. आवाज चिरकला. "अभिनेत्री ती आहे, जिने माझ्या बायकोचं काम केलं. हे बक्षीस मी घेऊ शकत नाही."

आयोजकांनी माझा दंड धरला. "अगं घे ना, प्रेमाने देतोय. वाद कशाला?" मागून कोणीतरी शिट्टी मारली, आणि मग कोणीतरी तो शब्द ओरडलं जो आम्ही दोघांनी शाळेपासून ऐकलाय.

प्रेक्षकांत ती उभी राहिली. अंगावर अजून म्हातारीची साडी होती.

"कोण बोललं ते?" अख्ख्या हॉलला ऐकू गेलं. "उभा राहून बोल ना. मी उभी आहे."

कोणी उठलं नाही. पाचशे खुर्च्यांत एकही माणूस उठला नाही. आम्ही सामान उचललं आणि निघालो.

हा विजय होता असं मी म्हणणार नाही. आयोजकांनी पत्र पाठवलं की आम्ही रंगमंचाचा गैरवापर केला, पुढच्या वर्षी प्रवेश नाही. त्या दिवसाचा व्हिडिओ तिच्या भावाने पाहिला. ती घरी पोचली तेव्हा तिचे कपडे गोणीत भरून दाराबाहेर ठेवले होते. सात महिने ती वाकोल्याला ताईच्या एका खोलीच्या घरात राहिली. आता अंधेरीच्या एका लॅबमध्ये रिसेप्शनला आहे. वेटिंगमधल्या पेशंटना नावाने हाका मारते आणि रांग मोडणाऱ्याला सोडत नाही. लोक तिला धीट म्हणतात. धीट व्हायला तिला काय काय सोडावं लागलं ते विचारत नाहीत.

आता ताईबरोबर मीही मुलांची तालीम घेतो. आमच्याकडे नववीतला एक मुलगा येतो, माझ्यासारखाच. शाळेत दिवसभर पाणी पीत नाही, कारण मुलींच्या टॉयलेटमध्ये त्याला जायचं नसतं आणि मुलांच्यात जाऊ देत नाहीत. गेल्या महिन्यात त्याच्याच शाळेने आम्हाला कार्यक्रमाला बोलावलं. गेटवर सगळ्यांना सामावून घेण्याबद्दलचा मोठा बॅनर. प्रिन्सिपल बाई म्हणाल्या, "तुमची जीवनकहाणी सांगा. मुलांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

"सांगतो," मी म्हणालो. "आधी त्या मुलासाठी टॉयलेटची सोय करा."

"ते ट्रस्टींना विचारावं लागेल."

"मग विचारा. आम्ही थांबतो."

आम्ही बाराजण ऑफिसबाहेरच्या बाकांवर आणि जमिनीवर बसलो आणि नव्या नाटकाचं वाचन सुरू केलं, मोठ्याने. शिपाई दोनदा येऊन "हळू वाचा" म्हणून गेला. हॉलमध्ये बसवलेले वर्ग परत गेले, कार्यक्रम झाला नाही. साडेचारला बाई बाहेर आल्या. "स्टाफच्या बाजूचं एक वापरू दे त्याला. बस?"

"तोंडी नको," मी म्हणालो. "लेखी द्या."

त्यांनी माझ्याकडे रागाने बघितलं. मीही बघितलं. मग त्या आत गेल्या, आणि टायपिंगचा आवाज यायला लागला.