बाळाबाईच्या घोंगडीचा काठ

भवानी पेठेत मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसणारी धनगराची बाई एकच होती, बाळाबाई. आमच्यात बायकांनी लोकर कातायची आणि पुरुषांनी विणायचं. पण नवरा गेला तेव्हा तिचा बिरप्पा पाळण्यात होता आणि माग रिकामा पडला होता. सुतक फिटताच ती खड्ड्यात उतरली.

"बाया धोटा फेकायला लागल्या. आता आमी चुली फुंकायच्या की," शेजारचा नागप्पा ओट्यावरून ओरडला.

"फुंका. पर भाकरी करपवू नगा, जळकं मला चालत न्हाय," ती आतून म्हणाली.

तिच्या घोंगडीला तिचा स्वतःचा काठ असे. काळ्या अंगाला दोन पांढऱ्या रेघा आणि मधे एक तांबूस. मंगळवेढ्याकडचे मेंढके बाजारात काठ उलटून बघत आणि दुसरं काही न विचारता ती घोंगडी खांद्यावर टाकत.

बिरप्पा आणि मी एकाच गिरणीत फिटर. तांत्रिक वर्गात बरोबर शिकलो आणि साप्ताहिकात लिहायची हौसही बरोबरच लागली. आमच्या दोघांच्याही घरात त्याआधी कुणी कागदाला टाक लावला नव्हता.

एकतीस सालच्या उन्हाळ्यात बाळाबाईच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरांनी कापायला सांगितलं. कापूनही ती राहील याची खात्री मात्र ते देईनात. बाळाबाईनं ऐकून घेतलं आणि घरी येऊन धाग्यांना लावायची चिंचोक्याची खळ शिजत ठेवली.

"कापायचं न्हाय," ती बिरप्पाला म्हणाली. "हात चालतोय तवर मी विणणार. आणि कुणाला सांगू नगंस. सांगितलंस की मरायच्या आधीच लोक मला उचलून बाजूला ठेवतील."

बिरप्पानं सांगितलं नाही. लिहिलं. 'एका विणकरणीचा धीर' असं नाव देऊन त्यानं आईवर लेख केला. नाव घातलं नाही, पेठ घातली नाही. पण आमचं शिक्षण यंत्राचं. जे दिसतं ते बारकाव्यानं उतरवायची सवय. त्यानं माग लिहिला, खळ लिहिली, आणि काठही लिहिला. दोन पांढऱ्या, मधे तांबूस. छापण्याआधी मला वाचून दाखवला तेव्हा काठाचं वाक्य मलाच सगळ्यांत आवडलं होतं.

बाजारच्या दिवशी कुणीतरी तो चहाच्या दुकानात मोठ्यानं वाचला. मंगळवेढ्याचा मायाप्पा मेंढका तिथंच बसला होता. त्याच्या सगळ्या मेंढ्यांची लोकर बाळाबाईकडं पडून होती. काठाचं वाक्य ऐकताच तो तडक घोडं घेऊन तिच्या दारात आला.

"बाई, लोकर माघारी नेतो. तुमी आता निजून ऱ्हावा."

"का? माझ्या हाताला काय झालंय?"

"पेपरात आलंय की. समदा बाजार रडला."

"बाजार रडला तर रडू दे. माझी लोकर कशाला भिजवतोस?"

मायाप्पा हसला नाही. "पिकल्या जिवाकडून काम करून घेतलं तर बिरोबा देव मला इचारंल," म्हणाला, आणि गाठोडी घोड्यावर लादली. तो वाईट माणूस नव्हता. म्हणूनच त्याच्याशी भांडताही येईना.

संध्याकाळी बाळाबाईनं बिरप्पाला लेख वाचायला लावला. मी उंबऱ्यात बसलो होतो. 'मरणाला हसत सामोरी जाणारी ही माउली' इथवर तो आला, तेव्हा तिनं हात वर केला.

"हसत कवा व्हते मी?"

बिरप्पाचं बोट त्या ओळीवरच राहिलं.

"तोंडात पदर कोंबून पडते मी. मला भ्या वाटतं, लई भ्या वाटतं. ते का न्हाय लिवलंस?"

"मला ठाऊक नव्हतं, आई."

"इचारलंस?"

त्यानं साप्ताहिकाची घडी घातली, उलगडली, परत घातली. दुसऱ्या दिवशी खाडा करून तो मंगळवेढ्याच्या वाटेला लागला. मायाप्पाच्या पाया पडला, लोकर मागितली. मायाप्पानं त्याला ताक पाजलं, लोकर दिली नाही. परत आला तेव्हा त्याचे रिकामे खांदे बाळाबाईनं लांबूनच पाहिले आणि धोटा उचलला. मागावर चढवलेला एका घोंगडीचा उभा ताणा आणि थोडं कातलेलं सूत तेवढं तिच्यापाशी उरलं होतं.

तो तिनं पुरवून पुरवून विणला. पुरा झाला तेव्हा त्याला काठ नव्हता. नुसती काळी घोंगडी.

"काठ का नाही घातला?" बिरप्पानं विचारलं.

"आता काठ बघून लोकांना घोंगडी दिसत न्हाय. गाठ दिसती."

पुढं अंथरुणाला खिळल्यावर एकदा ती मला म्हणाली, "त्याच्या हातात टाक ठरत न्हाय आता. तू लिव. मी गेल्यावर लिव. नाव घाल, आणि भ्याले व्हते ते बी घाल." बिरप्पा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं, पण त्याला लिही म्हणाली नाही.

आई गेल्यापासून ती काळी घोंगडी बिरप्पा थंडीत पाळीला येताना पांघरतो. परवा गिरणीच्या फाटकाशी एका मेंढक्यानं सवयीनं तिचा कोपरा धरला, उलटून पाहिला, काठ दिसेना.

"चांगली हाय की. कुणाच्या हातची?"

बिरप्पा कोपरा हळूच सोडवून घेऊन आत गेला. घरी जाताना म्हणाला, "मी तिचं नाव सांगावं का नाही, तेही तिला विचारायचं राहिलं."