आचाऱ्याची पहिली फोड

"आधी मी मरतो, मंग तुमी जेवा," असं म्हणून आमचे आचारी मामा पातेल्यातली काळजाची पहिली फोड तोंडात टाकायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. पंगत हसायची. "जित्ता हाय," म्हणत त्यांनी डोळे उघडले की वाढप सुरू. आमच्या सेनगावकडे कंदुरीचं, म्हणजे नवसाच्या बोकडाचं जेवण आचाऱ्यानं खाऊन दाखवल्याशिवाय कुणी शिवत नसे. तुम्हीही अशा पंगतीला बसला असाल.

मामा नात्यातले नव्हेत, तांड्यावरचे; सगळे त्यांना मामाच म्हणत. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती आणि मी एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. एका सकाळी मामा एक चप्पल पायात आणि दुसरी हातात घेऊन आले. अंगठा लालबुंद, टम्म सुजलेला. "चादर लागली तरी जीव जाऊन राहिला," म्हणाले. रक्त तपासून डॉक्टरांनी गाऊट, म्हणजे असल्या खाण्यापिण्यानं उसळणारा संधिवात आहे असं सांगितलं. पथ्य मी समजावलं. काळीज, वजडी, पाया, दारू, सगळं बंद. चुलीपुढे दिवसभर घाम गाळता, तर पाणी भरपूर प्या.

"मंग काय, भजे तळू?"

पण दारू त्यांनी खरंच सोडली. एका कंदुरीत फोडही खाल्ली नाही. लोक कुजबुजले, आचारीच खाईना म्हणजे मटणात काहीतरी आहे. पुढची दोन बोलावणी दुसऱ्याकडे गेली. मामा पुन्हा खाऊ लागले आणि दर कंदुरीनंतर दोन-तीन दिवसांनी लंगडत दवाखान्यात येऊ लागले. मी दर वेळी त्यांना शहाणपण शिकवायचो.

मग माझ्याच घरची कंदुरी आली. आठ दिवसांवर मामांच्या मुलीचं लग्न होतं, म्हणून त्यांनी फोड उचलली नाही. पंगत हात आखडून बसली. माझे सासरे माझ्याकडे रागानं बघू लागले.

"तुमी सांगा कंपोंडर, खाऊ का?"

"एका फोडीनं काय होतंय, मामा," मी म्हणालो. त्या वाक्याची मला आजही किळस येते.

लग्नाच्या दिवशी मामा बाजेवर होते. जेवणाला आचारी दुसरा. मी गोळ्या घेऊन पोहोचलो तेव्हा मुलगी सासरी निघाली होती. रडत आली आणि बापाच्या पायाशी वाकली. मामांनी घाबरून पाय मागे ओढले.

"हात लावू नको, बाई. हात लावू नको."

तिनं बाजेच्या लाकडाला हात लावला, तो कपाळाला लावला आणि जीपमध्ये जाऊन बसली.

मामांनी गोळ्या घेतल्या. मला बसा म्हणाले नाहीत. त्यानंतर ते दवाखान्यात कधी आले नाहीत.