मेडशीत उगवलेलं आतडं

माझ्या थोरल्या बहिणीसाठी पुण्यात नवं आतडं उगवतंय, ही बातमी मेडशीच्या बसस्टँडवर मीच पसरवली. चहाचा कप खाली ठेवून, दोन्ही हात फाकवून, गावच्या नाटकात राजाचं काम करायचो त्या आवाजात. माझी लेक पुण्याला एका प्रयोगशाळेत आहे. ती फोनवर म्हणाली होती, "बाबा, आम्ही बशीत आतड्याचे बारीक कण वाढवतो, त्यांना शेक देतो आणि कशानं वाचतात ते बघतो." मी ऐकलं एवढंच, की आतडं वाढतं. बाकीचं माझं मी रचलं.

रचायला कारण होतं. आक्काला गर्भाशयाचा कॅन्सर. अकोल्याला रेडिएशन सुरू होतं, आमच्याकडे त्याला शेकच म्हणतात. रोग हटत होता, पण झळ शेजारच्या आतड्याला लागायची आणि पोट धरवत नसे. एकदा पातूरच्या घाटात एसटी थांबवून तिला झुडपाआड जावं लागलं. घरी येऊन म्हणाली, "सात शेक राह्यले ना, राहू दे. आता मी त्या गाडीत बसत नाई."

डॉक्टरांनी बजावलं होतं, मध्येच सोडलं तर रोग पुन्हा उठेल. म्हणून मी आतडं उगववलं.

"नवं लावतीन?" तिनं विचारलं.

"तर! तुझ्या भाचीच्या हातचं."

त्या भरवशावर तिनं आणखी तीन शेक घेतले. बाया मला विचारायच्या, केवढं झालं? मी हातानं माप दाखवायचो, रोज वीतभर वाढवून.

मग शनिवारी लेक अचानक घरी आली. आक्का अंगणात ओलं गोणपाट उलगडत होती. पेरणीआधी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि किती उगवले ते मोजायचं, हे काम आमच्या घरी तिचंच.

"आणलं का वं?" आक्कानं विचारलं.

"काय, आत्या?"

मी कडुनिंब न्याहाळू लागलो.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. लेक तिच्यापाशी भुईवर बसली. "आत्या, ते मोहरीएवढंही नसतं गं. दुसऱ्याच कुणी पेशंटनं दिलेल्या कणापासून वाढवलेलं. पोटात बसवायचं नसतं ते. एका बशीत आधी औषध घालतो, दुसरीत नाही. मग दोन्हींना शेक. कुठली तगते ते बघायचं. औषध सापडलं तरी तुझ्या वेळेला येणार नाही. किती वर्षं लागतील, मलाही माहीत नाही."

आक्काचं बोट एका मोडावर थांबलं होतं.

"म्हंजे गोणपाट," ती म्हणाली. "अख्खं वावर बुडू नाई म्हनून शंभर दाने पुढं."

"हो."

"अन् हा राजा वीतभर दाखवून राह्यला होता."

मी हात पाठीमागे घेतले. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती मोजत राहिली. एकोणऐंशीपर्यंत आली, पदरानं बोटं पुसली.

"हा शेक तरी पयले कोन्या बाईवर करून पाह्यला असन ना?"

"असेल की."

"तिनं अर्ध्यात सोडला असता तं?" तिनं गोणपाट गुंडाळलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "चार राह्यले. सोमवारची पयली गाडी कवा हाय?"

सोमवारी दारालगतच्या सीटवर ती, शेजारी मी. घाट लागला तसा तिनं माझा हात दाबला. "सांग कंडक्टरले. अन् तू बी तिकडं पाह्य."

गाडी थांबली, आक्का उतरली. मी उठलो, पलीकडच्या खिडकीकडे हात फेकला आणि राजाच्या आवाजात सगळ्या गाडीला डोंगर दाखवू लागलो. कुठल्या कपारीत बिबट्या राहतो, त्याची बायको कशी भांडखोर, पिल्लं कुठल्या शाळेत जातात. सगळी गाडी तिकडे बघत होती. आक्का परत येऊन बसेपर्यंत मी बिबट्याचं तिसरं लग्न लावून दिलं होतं.

"पुरे आता," ती हळूच म्हणाली. "बस खाली."