म्हाळू मिस्त्रीची जीभ

धर्मापुरीच्या म्हाळू मिस्त्रीकडे ओळंबा होता, थापी होती. पण त्याचं खरं हत्यार म्हणजे जीभ. माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, जी पांढरी माती टाकतात ती खारट असावी लागते. खारट माती पाण्यानं फुगते आणि थेंब खाली उतरू देत नाही. म्हाळू चिमूटभर माती जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, उतरवा किंवा परत न्या. त्यापुढे कुणी बोलत नसे.

मग भूकंप झाला आणि लोकांनी माळवदाची धास्ती घेतली. मातीखाली माणसं गाडली गेली होती, लोकांचं तरी काय चुकलं? घरोघर स्लॅब पडले. म्हाळूनं पंधरा-वीस मेंढरं राखली, मिळेल तिथं सिमेंटची कामं केली, आणि वय साठीला टेकलं तेव्हा अंबाजोगाईहून बोलावणं आलं.

पुण्यात कारखाना काढून बसलेले अमरसिंह अंबाजोगाईतल्या जुन्या गल्लीत बंगला बांधत होते. घडीव दगडाच्या भिंती, आत लोखंडी सांगाडा, सागवानी तुळया, न्हाणीघरात परदेशी नळ, खोलीखोलीत एसी, आणि वर मात्र माळवद. पैसा फार झाला की माणसाला मातीची आठवण येते. येऊ दे बापडी. इंजिनिअर हरिओमला हे मुळीच पसंत नव्हतं. शेवटी अमरसिंहांनी निकाल दिला, "म्हाळू मिस्त्रींनी माती पास केली तर माळवद. नाहीतर तुझा स्लॅब."

म्हाळूचा जीव या कामात अडकला. हातातून गेलेली विद्या मरायच्या आधी एकदा तरी उभी राहिलेली त्याला पाहायची होती. पण एक गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती. कोरोनात त्याला ताप आला, ताप उतरला, पण गेलेली चव काही परत आली नाही. गूळ आणि तुरटी त्याला सारखीच लागत होती.

पडक्या घरांची विकत घेतलेली माती घेऊन पहिली ट्रॉली आली. म्हाळूनं चिमूट जिभेवर ठेवली, सवयीनं डोळे मिटले आणि म्हणाला, "चालंल. उतरवा."

त्याची बायको भामाबाई याच कामावर पाट्या वाहत होती. दुपारी भाकरी सोडताना ती हळूच म्हणाली, "आवं, ती माती खारट न्हाई."

"तुला काय कळतंय मातीतलं?"

"घामासंगं तोंडात येती की. भूकंपाआधी धा साल तीच खाल्ली मी. ही पैल्याच पान्यात गळंल."

म्हाळूचा घास हातातच राहिला. आधी राग आला. मग त्यानं सगळं सांगून टाकलं. भामाबाई भडकली, चव गेली म्हणून नव्हे, लपवली म्हणून. "इतके दिस मला काहून सांगितलं न्हाई?" जरा निवल्यावर तिनंच तोड काढली. "मी चाखते. चांगली असली तर पाटी उजव्या हाताला ठेवीन. तुमी मान डोलवा. कुनाला कळायचं न्हाई."

तोड झकास होती. काम राहणार होतं, इज्जत राहणार होती. म्हाळूनं अख्खी भाकरी संपेपर्यंत विचार केला. पारख हिची आणि नाव आपलं, हे मात्र काही केल्या त्याच्या गळ्याखाली उतरेना. तो उठला आणि तडक अमरसिंहांपुढं जाऊन उभा राहिला. भामाबाई मागोमाग आली.

"मालक, सकाळची माती मी खोटीच पास केली. माझ्या जिभंला चवच न्हाई."

हरिओमनं स्लॅबचं सिमेंट मागवायला लगेच फोन काढला. अमरसिंहांनी त्याला हातानंच थांबवलं. "मग मिस्त्री, पारख कोण करणार?"

"ही करती."

भामाबाईनं पदर खोचला. हरिओम वस्ताद, त्यानं वेगवेगळ्या पडक्या घरांची माती मागवून पाच वाट्यांत मांडली आणि सकाळचीच माती गुपचूप दोन वाट्यांत घातली. भामाबाईनं एकेक चाखली, थुंकली, चूळ भरली. दोन वाट्या बाजूला सारून म्हणाली, "ह्या दोनी एकाच ढिगाच्या हायत. फेका." मग पाचवी वाटी उचलली. "ही आना."

माळवद झालं. वर मातीचा बांध घालून तीन दिवस पाणी कोंडलं. हरिओम रोज शिडीवर चढून खालच्या फळ्यांवरून हात फिरवायचा आणि कोरडा हात घेऊन उतरायचा. रीतीप्रमाणे अमरसिंहांनी म्हाळूला फेटा बांधला, भामाबाईला लुगडं दिलं. म्हाळूनं फेटा बांधून घेतला. नको म्हणण्याइतका तो साधू नव्हता.

पंधरा दिवसांनी नेकनूरचे शहादेव पाटील जीप घेऊन धर्मापुरीत आले. त्यांनाही शेतातल्या बंगल्यावर माळवद घालायचं होतं. म्हाळू अंगणात मेंढरांना पाला टाकत होता. पाटील जीपमधूनच म्हणाले, "मिस्त्री, माती बघायला येता का?"

उभा जन्म हा प्रश्न त्यालाच विचारला गेला होता. तो ऐकून म्हाळूला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. खोटं कशाला बोलावं? हातातला पाला त्यानं खाली टाकला आणि घराकडं तोंड करून हाक दिली,

"भामा, बाहेर ये. तुला बोलवायलेत."