मावशीचं पुस्तक वाचलं कुणी?

सरकारी इस्पितळाच्या मोठ्या लिफ्टमध्ये बटणांच्या खाली एक लोखंडी स्टूल आहे. त्या स्टुलावर बसून लिफ्टमावशीने सत्तावीस वर्षं माणसं वर नेली आणि खाली आणली. चौथ्या मजल्यावर बाळंतपणं, तळघरात शवागार. "माणूस चौथ्यावर येतो आणि तळघरातून जातो, मधले मजले डॉक्टरांचे," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. समोरचा तळघराकडेच निघालेला असला तर मात्र तोंडाला कुलूप घालायची. एवढी समज स्टुलावर बसूनच येते, तिचे कुठे वर्ग भरत नाहीत.

बोलायचा तिला भारी सोस. घरी आली तरी लिफ्ट चालूच. शेवटी नवरा एकदा वैतागून म्हणाला, "अगं, माझं डोकं खाण्यापेक्षा लिहून काढ की एकदाचं!" तो टोमणा होता, हिने मनावर घेतला. औषध कंपनीच्या फुकटच्या डायरीत, लिफ्ट उभी असेल तेवढ्या वेळात ती लिहीत गेली. म्हणून त्या पुस्तकात दीड ओळीपेक्षा लांब वाक्य सापडत नाही. तोवर कुठल्या ना कुठल्या मजल्यावर घंटी वाजलेली असायची. चार वर्षांत तीन डायऱ्या भरल्या. इस्पितळासमोरच्या झेरॉक्सवाल्याने ते सगळं टाइप करून, छापून, शिवून दिलं आणि म्हणाला, "मावशी, मागच्या कव्हरवर लेखिकेचा परिचय लागतो." मावशीने परिचय लिहिला. एकही नातेवाईक सोडला नाही. सोडला असता तर पुढच्या लग्नात त्याने बोलून दाखवलं असतं.

पहिल्या पुस्तकासाठी सरकार दरवर्षी एक पुरस्कार देतं. मावशीने कुणाला न सांगता तिथे पुस्तक पाठवलं, आणि काय सांगू, पुरस्कार तिलाच मिळाला! त्या दिवशी जन्मभर जिन्याने जाणारी माणसंसुद्धा लिफ्टने फिरली. नर्सबाईंनी स्टुलाला फुगे बांधले. नवऱ्याने तीन दुकानांतून तोच पेपर तीनदा आणला आणि "मीच सांगितलं होतं लिहायला" हे भेटेल त्याला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी त्याच पेपरात मथळा आला : ‘भाचा साहेब, मावशीला पुरस्कार!’

खोटं काहीच नव्हतं त्यात. थोरल्या बहिणीचा मुलगा बाळ्या, आता चाळिशीचा, टक्कल पडलेला, दारावर पाटी असलेला, पुरस्कार देणाऱ्या त्याच विभागात उपसंचालक होता. लोकांच्या पैशाचा पुरस्कार घरच्या घरी वाटून घेतला, असं बातमीदाराने लिहिलं होतं.

"मला अख्खं इस्पितळ मावशी म्हणतं," मावशी लिफ्टभर गरजली. "मग अख्खं इस्पितळ माझा भाचा का?" माणसं हसली, पण जरा बेताने, आणि मग सगळे दारावरच्या मजल्यांच्या आकड्यांकडे बघायला लागले. मावशीला ते झोंबलं. पुस्तक चांगलं म्हणून पुरस्कार मिळाला, की बाळ्या आहे म्हणून? तिला एवढंच कळायला हवं होतं. त्याशिवाय घास गोड लागणार नव्हता.

सकाळची पाळी संपताच ती बाळ्याच्या ऑफिसात जाऊन थडकली.

"खरं सांग. तू वशिला लावलास?"

"आईशप्पथ नाही, मावशी! निवडीची फाइल माझ्या टेबलावर येतच नाही. तुझं नावसुद्धा मी पेपरातच वाचलं."

"आणि पुस्तक? ते वाचलंस?"

बाळ्याने टेबलावरचा पेपरवेट उचलला, फिरवला आणि परत ठेवला. "वेळच मिळाला नाही गं. वाचणार होतो..."

"लहानपणी तुला मांडीवर घेऊन अख्खी बाराखडी गिरवून घेतली मी!" मावशी म्हणाली. वशिल्याच्या आरोपाने चढला नव्हता एवढा राग तिला आता आला. पण जिना उतरता उतरता तिला हसू फुटलं. न वाचलेल्या पुस्तकासाठी कुणी वशिला लावतं का?

पुढच्या आठवड्यात या आरोपावर विभागाने खुली बैठक घेतली. लांबलचक टेबल, मध्ये संचालक, एका बाजूला तीन परीक्षक : एक प्राध्यापक, एक कवी आणि एक निवृत्त मुख्याध्यापिका, दुसऱ्या बाजूला बाळ्या. समोर खुर्च्यांवर लेखक मंडळी, बातमीदार आणि पहिल्या रांगेत, रजा टाकून आलेली लिफ्टमावशी. संचालकांनी नियमावलीतलं तिसरं कलम वाचायला घेतलं तेव्हा ती उभी राहिली.

"साहेब, कलमं राहू द्या. मी यांना चार प्रश्न विचारते, लगेच निकाल लागेल." आणि परवानगीची वाट न बघता तिने बाळ्याकडे मोर्चा वळवला. "सांग, लिफ्ट बंद पडली तेव्हा माझ्यासोबत आत कोण होतं?"

"पेशंट?" बाळ्या म्हणाला.

"पेशंट आणि त्याचं ऑपरेशन करणारे डॉक्टर. डॉक्टर घाबरून रडकुंडीला आले आणि पेशंट त्यांना धीर देत होता. पान एकवीस. बरं, मी कशाला भिते?"

"तू कशालाच भीत नाहीस!" या एका उत्तराबद्दल बाळ्याला अगदी खात्री होती.

"उंदराला भिते. पान सोळा."

सभागृह खो खो हसायला लागलं. संचालकसुद्धा हसले. चौथ्या प्रश्नापर्यंत बाळ्याची पार दांडी उडाली होती, आणि त्या दांडीबरोबर त्याच्यावरचा आरोपही उडाला. बातमीदाराने पेन खिशाला लावलं. मावशीने तेवढ्यावर घरी जायला हवं होतं. पण ती थांबते थोडीच!

"आता तुम्ही," ती परीक्षकांकडे वळली. "लिफ्टमध्ये जन्मलेल्या मुलीचं नाव काय ठेवलं, प्राध्यापक साहेब?"

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. त्यांनी तो इतका वेळ पुसला की बातमीदाराने पेन परत काढलं.

"कविराज, तुम्ही सांगा."

कवी मनाने साधा माणूस होता, त्याला खोटं पेललं नाही. "बाई, माफ करा. मी फक्त मागचं कव्हर वाचलं. तिथे परिचयात साहेबांचा उल्लेख होता. म्हटलं, त्यांचीच इच्छा असेल. ते काही बोलले नाहीत, पण मोठे साहेब बोलत नसतातच."

"मलाही तसंच वाटलं," प्राध्यापक चष्म्याआडून पुटपुटले.

"अहो, मी बोलणार कशाला? मला माहीतच नव्हतं!" बाळ्या ओरडला. त्याने पुस्तक ओढून घेतलं, मागची बाजू बघितली आणि मोठ्याने वाचलं : "‘लेखिकेच्या थोरल्या बहिणीचा मुलगा साहित्य खात्यात मोठा साहेब असून त्याच्या हातात पुष्कळ आहे.’ मावशी! हे कशाला छापलंस?"

"तुला बरं वाटावं म्हणून," मावशी म्हणाली आणि मटकन खाली बसली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वशिला भाच्याने लावलाच नव्हता, तिने स्वतःच तो कव्हरवर छापून घरपोच केला होता. म्हणजे पुस्तक कुणी उघडलंच नाही. सत्तावीस वर्षांत त्या इस्पितळाने तिला पुष्कळ काही दाखवलं होतं, पण इतकं एकटं तिला तळघरातही वाटलं नव्हतं.

"तिचं नाव ‘उंची’ ठेवलं," टेबलाच्या टोकाकडून खणखणीत आवाज आला. मुख्याध्यापिका बोलत होत्या. "पान तेहेतीस. ते नाव आजीला आवडलं नाही, ते चौतीसवर."

मावशीने मान वर केली. "तुम्ही... तुम्ही वाचलंत?"

"दोनदा. शंभरपैकी अठ्ठेचाळीस गुण दिले." बाईंनी पिशवीतून आपली प्रत काढली. पेन्सिलीच्या खुणांनी पानं भरली होती. "आणि पुस्तकातलं नववं प्रकरण खोटं आहे."

सभागृहात चुळबुळ झाली. हिला आता झोडपायची काय गरज, असं सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. मावशी मात्र खुर्चीतून पुढे सरकली होती.

"कुठलं खोटं?"

"आईला तळघरात घेऊन जाणारा तो माणूस. तो तुमच्या खांद्यावर डोकं ठेवतो आणि ‘तुमच्यात मला माझी आई दिसते’ म्हणतो. असं कुणी बोलत नाही, बाई. बाकीच्या पुस्तकात एकही माणूस असं बोलत नाही."

मावशीचे कान लाल झाले. "नाहीच बोलला तो तसं. तो म्हणाला, ‘मावशी, कॅन्टीन किती वाजता बंद होतं?’ दोन दिवस त्याच्या पोटात अन्न नव्हतं."

"मग तेच लिहायचं!"

"आई स्ट्रेचरवर आणि याला भूक लागली, असं कसं लिहू? लोकांनी नावं ठेवली असती बिचाऱ्याला."

मुख्याध्यापिकांनी टेबलावरची पेन्सिल उचलली, प्रतीत काहीतरी खोडलं आणि काहीतरी लिहिलं. "ठेवली नसती," त्या म्हणाल्या. "मी तर नसतीच ठेवली."

मावशी उठली. डोळे भरून आले होते आणि ओठ हसत होते, दोन्ही एकदम. "संचालक साहेब, तुमचा पुरस्कार तुम्ही परत घ्या. नीट वाचून कुणाला द्यायचा त्याला द्या. मला फक्त बाईंची ही प्रत हवी."

"अहो, ती खराब झालीय," संचालक म्हणाले. "सगळी गिरगटलेली आहे. नवी कोरी देतो की."

"कोऱ्या माझ्या पलंगाखाली दीडशे आहेत, साहेब!"

पुरस्कार पुढे फेरनिवडीत दुसऱ्या कुणाला तरी मिळाला. बाळ्याने एका रविवारी बसून पुस्तक वाचलं आणि उंदराच्या पानावर हसून हसून त्याला ठसका लागला, असं त्याच्या बायकोने फोनवर कळवलं. बैठकीनंतरच्या सोमवारी लिफ्टमावशी तिच्या स्टुलावर बसली, लिफ्टचं दार लावलं आणि ती प्रत पहिल्या पानापासून उघडली. नवव्या प्रकरणावरचं ‘खोटं’ खोडून बाजूला लिहिलं होतं : ‘माया. पण पुन्हा लिहा.’ एकविसाव्या पानावर डॉक्टरांच्या रडण्याजवळ बारीक अक्षर होतं : ‘इथे बसमध्ये मोठ्याने हसले. शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली.’

चौथ्या मजल्यावर कुणीतरी घंटीवर बोट दाबून उभं होतं. "अहो मावशी, लिफ्ट!" असा आरडाओरडा वरून ऐकू येत होता.

"थांबा जरा!" मावशी आतून ओरडली. "कुणीतरी वाचलंय माझं पुस्तक. पान संपू दे!"