चटईवरच्या खुर्च्या

सासरे हेडमास्तरकी संपवून वजिफ्यावर, म्हणजे पेन्शनीवर आले, तरी शाळेचं एक काम आमच्या घरी सुरूच राहिलं. ते म्हणजे क्रिकेटच्या चटईची दुरुस्ती. काथ्याची ही लांबलचक चटई त्यांनी नगरहून बैलगाडीतून आष्टीला आणली होती. आमच्या मुरमाड जमिनीवर ती खिळे ठोकून ताणली तरच चेंडू नीट उसळायचा, नाहीतर पोरांच्या नडग्या फुटायच्या. दर उन्हाळ्यात ती आमच्या अंगणात यायची आणि उसवलेल्या कडा मी दाभणाने शिवायची. खेळात मला काही रस नव्हता. शिवण टिकते की नाही, तेवढं मी बघायची.

पुढे सासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. दिसतंय तोवर शाळेत एक सामना बघायचा, एवढंच ते म्हणत. नवे हेडमास्तर त्यांचेच विद्यार्थी. त्यांनी सासऱ्यांच्या सन्मानासाठी सामना ठरवला, तहसीलदारांना बोलावलं आणि शामियाना उभारला.

मी सासऱ्यांना हाताला धरून घेऊन गेले. पोरं मैदानात नुसतीच उभी होती. चटई शामियान्यात होती. सतरंजी कमी पडली म्हणून ती खाली अंथरून तिच्यावर तहसीलदारांची आणि गावच्या मंडळींची खुर्च्या मांडून बैठक केली होती. सामन्याचं विचारलं, तर आधी भाषणं होतील, मग वेळ उरला तर पोरं चार चेंडू टाकून दाखवतील, असं कळलं.

सासरे काठावरच थांबले. पायाने चाचपून त्यांनी चटई ओळखली. हेडमास्तर हार घेऊन पुढे आले आणि वर चला म्हणाले.

"जोडे घालून चटईवर यायचं न्हाई, हे तुला पाचवीत सांगितलं होतं," सासरे म्हणाले.

हेडमास्तरांनी खाली बघितलं. साहेबांना उठवायचं कसं, असं ते माझ्या कानाशी पुटपुटले. मी म्हटलं, मी सांगते. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तहसीलदारांना सरळ सांगितलं, "साहेब, तुमच्या खाली खेळपट्टी हाय. ती दिली तर आमच्या मामंजींना सामना दिसंल."

मंडळींनी माझ्याकडे डोळे वटारले. तहसीलदारांनी मात्र वाकून चटई पाहिली, "अरे, तो पहले बताना था," म्हणाले आणि स्वतःची खुर्ची स्वतः उचलली. मग बाकीच्यांना उठावंच लागलं.

पोरांनी चटई ताणून ठोकली. सासरे मैदानाच्या कडेला बसले. हार त्यांनी माझ्या हातात दिला. सामना रंगात आल्यावर एक चेंडू खुर्चीच्या पायाने पडलेल्या भोकात शिरून आडवा वळला आणि आमच्या शाळेचा सगळ्यात चांगला गडी बाद झाला. तो तणतणत सासऱ्यांकडे आला. साहेबांच्या खुर्चीमुळे गेलो, हे धरू नका, म्हणाला.

"चटई हाय तशी खेळायची," सासरे म्हणाले. "बाद म्हंजे बाद."

सामना अंधार पडेपर्यंत चालला. भाषणं राहूनच गेली. चटई दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात आली. एकूण सात भोकं होती.